मालिश उपचारकाचे प्रशिक्षण : प्रमाणपत्र मिळते, परवाना मिळत नाही

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पोलाद कारखान्यामुळे देशभर परिचित आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येऊन येथे स्थायिक झाली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील काही तरुण-तरुणी आज कारखान्याबाहेरचे व्यवसाय शोधतात. मालिश उपचार हा त्यांपैकी एक व्यवसाय आहे.

या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट प्रारंभीच समजून घेणे आवश्यक आहे. मालिश करणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र वैधानिक परवाना देणारी राष्ट्रीय परिषद भारतात नाही. जे मिळते ते प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र होय. त्यामुळे ‘शासकीय परवाना मिळवून देऊ’ असे सांगून शुल्क मागणाऱ्या संस्थेपासून सावध राहणे हिताचे ठरते.

प्रशिक्षणाचे तीन मार्ग

पहिला मार्ग कौशल्य प्रशिक्षणाचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत ‘स्पा थेरपी’ हा एक वर्षाचा विषय आहे. दहावी उत्तीर्ण उमेदवार त्यास पात्र असतात. याशिवाय ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने स्पा थेरपिस्टसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम निश्चित केला आहे. या क्षेत्रातील मूल्यमापन आणि प्रमाणपत्रांवर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचे नियंत्रण असते. छत्तीसगडने २०१३ मध्ये कायदा करून युवकांना कौशल्य प्रशिक्षणाचा हक्क दिला. असा हक्क देणारे ते देशातील पहिले राज्य होय. १४ ते ४५ वयोगटातील व्यक्ती या कायद्यानुसार प्रशिक्षणाची मागणी करू शकते. मात्र प्रत्येक केंद्रात प्रत्येक विषय शिकवला जातोच असे नाही. म्हणून आपल्याला हवा असलेला विषय उपलब्ध आहे काय, याची चौकशी अर्जापूर्वीच करावी.

दुसरा मार्ग आयुर्वेदाचा. अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून केलेले मर्दन, आणि त्यानंतरचे स्वेदन ही पंचकर्माची पूर्वतयारी मानली जाते. ही कामे करणाऱ्या पंचकर्म सहायकांसाठीही अभ्यासक्रम आहेत. परंतु रोगनिदान करणे व चिकित्सा ठरवणे हा अधिकार नोंदणीकृत वैद्यांचा असून सहायकाने त्यांच्या सूचनेनुसार काम करायचे असते. वैद्य होण्यासाठी आयुर्वेदाची पदवीच घ्यावी लागते. ती देणारे श्री नारायण प्रसाद अवस्थी शासकीय आयुर्वेद महाविद्यालय भिलाईनजीकच्या रायपूर येथे आहे.

तिसरा मार्ग भौतिकोपचाराचा, अर्थात फिजिओथेरपीचा. हे केवळ मालिश नव्हे. त्यासाठी चार वर्षांहून अधिक काळाचा पदवी अभ्यासक्रम आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभव आवश्यक असतो. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी आयोग, राज्य परिषदा आणि नोंदणीची तरतूद केली. भौतिकोपचार त्यात समाविष्ट आहे. स्पा थेरपीच्या प्रमाणपत्रावर स्वतःस फिजिओथेरपिस्ट म्हणवणे म्हणूनच अनुचित ठरते.

आस्थापनेचे नियम

व्यक्तीला परवाना नसला तरी दुकान उघडताना नियम लागू होतात. व्यवसाय नोंदणी, महानगरपालिकेची परवानगी, अग्निसुरक्षा आणि कामगार कायदे यांची पूर्तता मालकाला करावी लागते. महाराष्ट्रात ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात, ती नोंदणी आस्थापनेची असते. ती मालिश करणाऱ्याच्या पात्रतेचा पुरावा नव्हे. भिंतीवर चौकटीत लावलेला असा कागद पाहून अनेक ग्राहकांची येथेच गफलत होते.

राज्याराज्यांत नियम भिन्न आहेत. केरळने आयुर्वेद आरोग्य केंद्रांच्या परवान्यासाठी २००७ मध्ये वेगळा कायदा केला. दिल्लीत २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पामधील कर्मचाऱ्यांकडे मान्यताप्राप्त पात्रता असावी, अशी अट घातली. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी तेथील अटी आधी पाहाव्यात. जपानमध्ये या व्यवसायासाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा अनिवार्य आहे.

प्रशिक्षण का महत्त्वाचे

महाराष्ट्रात तालमीतील पहिलवानांचे अंग रगडणे किंवा नवजात बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे ही कौशल्ये पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच शिकवली गेली. अनुभवाचे मोल मोठे आहे. तथापि ग्राहक व्याधिग्रस्त असेल तर हाताच्या सफाईबरोबर शरीररचनेचे ज्ञानही लागते. पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असता पोटरी चोळल्यास ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा आणि जीव धोक्यात येण्याचा संभव असतो. ताप, त्वचेचा संसर्ग, नुकतेच मोडलेले हाड किंवा ठिसूळ झालेली हाडे असतानाही जोरकस मालिश टाळावी लागते. कोणाला मालिश करू नये, हे ओळखणे प्रशिक्षणाचा गाभा आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी उमेदवाराने चार गोष्टी लेखी विचाराव्यात : प्रमाणपत्र कोणती संस्था देणार, ती मान्यताप्राप्त आहे काय, प्रत्यक्ष सरावाचे तास किती आणि शुल्क परत मिळण्याची अट कोणती. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची माहिती ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या शासकीय संकेतस्थळावर पडताळता येते. ग्राहकानेही प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह धरावा. परवान्याची व्यवस्था नसलेल्या या क्षेत्रात दोघांचेही हित अशा चौकशीवरच अवलंबून आहे.