पुणे-खडकी छावण्यांतील लॉक हॉस्पिटले आणि उपदंशाची शारीरिक तपासणी (१८६४-१८८८)

सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्रांनी ‘फिरंग’ रोगाचे बाह्य, आभ्यंतर आणि बहिरंतर असे तीन प्रकार सांगितले असून नाक बसणे, हाडे वाकणे हे उपद्रवही नोंदविले आहेत. लोकभाषेत ‘गरमी’ म्हटल्या जाणाऱ्या या रोगाची लक्षणे डोळ्यांनी टिपण्याची परंपरा येथे जुनी आहे. तथापि लक्षणे पाहणे आणि पाहण्याला कायद्याची सक्ती जोडणे, या भिन्न गोष्टी होत.

१८६४ च्या छावणी कायद्यान्वये गोऱ्या सैनिकांकडे जाणाऱ्या वेश्यांची नोंदणी व ठरावीक मुदतीने तपासणी सुरू झाली. रोगी ठरलेल्या स्त्रीला लॉक हॉस्पिटलमध्ये ठेवले जाई. मुंबई इलाख्यात पुणे व खडकी येथे अशी रुग्णालये होती. मुंबई शहरात १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये स्थगित होऊन १८८० मध्ये पुन्हा आला.

या तपासणीत डॉक्टरला नेमके काय दिसत असे? उपदंशाचा पहिला व्रण बहुधा एकच, कडेने टणक आणि वेदनारहित असतो. जांघेतील गाठी सुजतात, पण दुखत नाहीत. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ, तोंडात चट्टे आणि गुह्यभागी ओलसर चपटे उंचवटे येतात. पुरुषाचा व्रण सहज दिसतो. स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील व्रण तिलाही कळत नाही. उलट साध्या श्वेतप्रदरालाही रोग समजण्याचा धोका होता. परमा आणि उपदंश हे वेगळे रोग असल्याचे रिकॉर यांनी १८३८ मध्ये दाखविले होते, परंतु जंतू सापडला १९०५ मध्ये आणि रक्ताची चाचणी आली १९०६ मध्ये. तोपर्यंत सारा निर्णय डोळ्यांवर आणि बोटांवर अवलंबून होता.

याहून गंभीर दोष वेगळाच. हा व्रण उपचाराविनाही काही आठवड्यांत भरून येतो आणि रोग सुप्तावस्थेत जातो. म्हणजे ‘बरी झाली’ म्हणून सोडलेली स्त्री बरी झालेली असेलच असे नव्हे. ज्या सैनिकांच्या आरोग्यासाठी हा खटाटोप होता, त्यांच्यावर कायद्याने अशी सक्ती मुळीच नव्हती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

जोसेफिन बटलर यांच्या चळवळीनंतर ५ जून १८८८ रोजी ब्रिटिश लोकसभेने सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला. तरीही छावण्यांत ती चालू राहिल्याचे १८९३ च्या चौकशीत उघड झाले. १८९५ मध्ये तिला कायद्याने मनाई झाली. १८९७ मध्ये ती मनाई उठविण्यात आली.