दोन सुती बोल्टाची कुळकथा

फराळाच्या दिवसांत गृहिणींना एक अनुभव हटकून येतो. शेजारणीच्या सोऱ्याची चकती आपल्या सोऱ्यात बसत नाही. दोन्ही सोरे उत्तम, दोन्ही चकत्या उत्तम. पण घडविणाऱ्या कारागिरांनी एकमेकांना विचारलेले नसते!

इंग्लंडातील कारखान्यांचीही एके काळी हीच गत होती. ज्याच्या त्याच्या स्क्रूचे आटे निराळे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने ठिकठिकाणचे स्क्रू मोजून त्यांचा मध्य काढला, आट्याचा कोन ५५ अंश ठरविला आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे, हेही सांगून टाकले.

आमच्या सोलापुरात ‘जुनी गिरणी’ सुरू झाली ती १८७७ साली. विलायती यंत्रांबरोबर इंचही आला. तेव्हापासून या गावात सूत दोन प्रकारचे: एक मागावरचे, दुसरे मिस्त्रीच्या तोंडचे. आठ सुतांचा एक इंच. म्हणून पाव इंची बोल्ट तो ‘दोन सुती’. पुढे १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली, १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. परंतु जुनी यंत्रे काही कायदा वाचून आटे बदलीत नाहीत! इंच आणि मिलिमीटर एकाच गाळ्यात नांदू लागले.

याच सुमारास, १९६३ साली, अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड याने ‘स्केचपॅड’ तयार केले. संगणकाच्या पडद्यावर एक मूळ आकृती काढावी, तिच्या हव्या तितक्या प्रती वापराव्यात, आणि मूळ सुधारले की सर्व प्रती आपोआप सुधाराव्यात, अशी ती सोय. आजच्या कॅडमधील ठराविक सुट्या भागांच्या संग्रहाचे बीज ते हेच.

आता गंमत पाहा. दोन सुती व्हिटवर्थ बोल्टाला इंचात २० आटे. त्याच जाडीच्या अमेरिकन बोल्टालाही २०. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. पडद्यावर दोघे जुळे भाऊ. नटात मात्र एकाची दुसऱ्याशी नीट गाठ पडत नाही. मूळ आकृतीत ही गफलत राहिली, तर ती शंभर नकाशांत शिरते.

म्हणून असा संग्रह मांडणाऱ्या तरुणांना मी तीन गोष्टी सांगतो. प्रत्येक भागाला एकच नाव द्या. नावाशेजारी मानकाचा क्रमांक लिहा. षट्कोनी डोक्याच्या बोल्टाला आयएस १३६४, तसा. आणि मूळ आकृतीची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा.

चौथी गोष्ट खास सोलापूरकरांसाठी. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण बोटाने चाचपून आटे ओळखणारे म्हातारे फिटर अजून आपल्यात आहेत. जुन्या मागाचा बोल्ट त्यांच्या हाती द्या, ते सांगतील ते मोजून पाहा, आणि नोंदीत मोजणाऱ्याच्या नावाबरोबर सांगणाऱ्याचेही नाव लिहा. हे काम येत्या दिवाळीवर ढकलू नका.