विद्यापीठाचं ग्रंथालय वाटूरपर्यंत कसं आलं

जालना जिल्ह्यातल्या वाटूर फाट्यावरून मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक शोधनिबंध पाहायला जायचं, तर एसटीनं आधी जालना आणि तिथून पुढे छत्रपती संभाजीनगर. जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो. आता तसाच निबंध गावात बसून मोबाइलवर वाचता येतो. या सोयीचं मूळ एका अडचणीत आहे.

नव्वदच्या दशकात संशोधन नियतकालिकं इंटरनेटवर आली. वर्गणीदार ओळखायचा कसा? प्रकाशकांनी विद्यापीठाच्या संगणकांचे आयपी पत्ते नोंदवून घेतले. त्या पत्त्यावरून मागणी आली की लेख उघडायचा. म्हणजे ओळख वाचकाची नव्हे, जागेची झाली. फाटकाबाहेर पडलेला विद्यार्थी प्रकाशकाच्या लेखी परका ठरू लागला.

यावर १९९९ मध्ये ॲरिझोनातले ग्रंथपाल ख्रिस झागर यांनी ‘ईझीप्रॉक्सी’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. विद्यार्थी घरून ग्रंथालयाच्या सर्व्हरला नाव आणि पासवर्ड देतो. सर्व्हर स्वतःच्या पत्त्यावरून लेख मागवतो आणि त्याच्याकडे धाडतो. पानावरच्या दुव्यांचे पत्तेही तो बदलून ठेवतो, म्हणजे पुढची प्रत्येक टिचकी पुन्हा त्याच्याच मार्फत जाते. पुढे ‘शिबोलेथ’ या ओळख पटवणाऱ्या प्रणालीनं मध्यस्थाची गरजच काढून टाकली. प्रकाशक विद्यापीठाला विचारतो, हा तुमचाच का? विद्यापीठ हो म्हणालं की झालं. विद्यार्थ्याचा पासवर्ड प्रकाशकाकडे जातच नाही.

भारतात हे काम विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’नं उचललं. आज गांधीनगरला असलेली ही संस्था १९९१ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्राअंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झाली. २००३ च्या यूजीसी-इन्फोनेट योजनेनं आधी विद्यापीठांना ई-नियतकालिकं दिली. तालुक्याच्या महाविद्यालयांची पाळी २०१० च्या सुमारास आली, ‘एन-लिस्ट’ या योजनेमुळे. यात महाविद्यालय सभासद होतं, ग्रंथपाल विद्यार्थ्यांची नावं नोंदवतात आणि प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळतो. तो मंठ्यात चालतो, परतुरात चालतो, शेतातल्या आखाड्यावरही चालतो. ग्रंथपालांनी यादी भरलीच नाही, तर मात्र ही सोय कागदावरच राहते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या देशासाठी एकच वर्गणी भरण्याच्या योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं मात्र खासगी शिक्षण संस्था चालवतात.

जागेऐवजी माणूस ओळखायला यंत्रणा शिकली, पण तो माणूस अजून कुठल्यातरी संस्थेच्या पटावर असावाच लागतो. पदवी घेऊन गावी परतलेला, शिकवणारा, शेतीत प्रयोग करणारा वाचक त्यात बसत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं महाराष्ट्रात गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. त्या ग्रंथालयाच्या सभासदालाही हा पासवर्ड मिळायला हवा.