हैदराबादच्या आकाशातले फुगे

दरवर्षी या स्मरणिकेत आपण हैदराबादच्या मराठी माणसांची आठवण काढतो. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, विवेकवर्धिनी, मुक्तिसंग्राम हा सारा इतिहास आपल्या घरांत तोंडपाठ आहे. पण या शहराच्या आकाशातही एक इतिहास घडला. तो मात्र आपण कधी लिहिला नाही.

अवकाशातून पृथ्वीवर अतिसूक्ष्म कणांचा अखंड मारा होत असतो. हे विश्वकिरण. १९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यात बसून पाच किलोमीटरवर गेले, तेव्हा त्यांचा शोध लागला. कणांना वेग देणारी प्रचंड यंत्रे येण्यापूर्वी नवे कण शोधायचे ते याच किरणांत. १९४७ साली पायॉन तिथेच सापडला. पण वातावरण हे किरण अडवते. विमान पुरेसे उंच जात नाही, रॉकेट काही मिनिटांत खाली येते. फुगा मात्र तासन्‌तास वर तरंगतो. म्हणून होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुग्यांची वाट धरली.

हैदराबादच का? पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जाते. त्याच्या जवळपास कमी ऊर्जेचे कण परतवले जातात, बलाढ्य तेवढेच आत येतात. त्यामुळे मोजमापात गोंधळ कमी. शिवाय समुद्र दूर, म्हणजे उपकरणे जमिनीवर उतरून परत मिळण्याची शक्यता अधिक. आरंभी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून उड्डाणे झाली. पुढे ईसीआयएलच्या परिसरात कायमचे केंद्र उभे राहिले.

खरी परीक्षा होती ती फुगा बनवण्याची. आपल्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ऐंशी अंशांपर्यंत उतरते. तिथे साधे प्लॅस्टिक काचेसारखे तडकते. तेव्हा थंडी सोसणारी पातळ फिल्म हवी. तिच्या संत्र्याच्या फोडींसारख्या लांब पट्ट्या उष्णतेने जोडायच्या. एक सांधा सुटला की महिन्यांची मेहनत वाया. या केंद्राने ही विद्या इथेच विकसित केली. २०१४ च्या जानेवारीत अवघ्या २.७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही पातळ फिल्मचा फुगा इथून ५१ किलोमीटरच्या वर पोहोचला.

काम संपले की उपकरणे पॅराशूटने उतरतात. ती विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर कुठेही पडू शकतात, म्हणून गावोगावी आवाहन केले जाते: सापडलेली वस्तू उघडू नका, कळवा. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या शेतात असेच एक मोठे यान उतरले, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली होती.

आपल्या जवळचा प्रसंग डॉ. जयंत नारळीकरांचा. वातावरणाच्या वरच्या थरात जिवाणू आहेत का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी इस्रोच्या सहकार्याने हैदराबादहून फुगे सोडण्यात आले. ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा झाली. आपल्या शहरातल्या सीसीएमबीने आणि पुण्याच्या प्रयोगशाळेने ती तपासली. तीन नव्या जिवाणूंचा शोध २००९ साली जाहीर झाला. एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव मिळाले. हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असे सिद्ध झालेले नाही, हे त्या वेळीच स्पष्ट सांगण्यात आले. शास्त्राचा हा प्रांजळपणा आम्हाला शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

या केंद्राच्या कामावरील शोधनिबंधांत आर. टी. रेडकर, एस. व्ही. दामले अशी नावे भेटतात. ती छापली गेली, म्हणून राहिली. पण पट्ट्या जोडणारे, पहाटेच्या अंधारात हायड्रोजन भरणारे, पॅराशूटच्या मागे जीप घेऊन रानोमाळ धावणारे यांची नावे निबंधांत येत नाहीत. ती घराघरांतल्या आठवणींत आहेत, आणि त्या आठवणी आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

आरतीनंतर मंडपात बसू, तेव्हा वडीलधाऱ्यांना एवढे जरूर विचारावे: तुमच्यापैकी कोणी त्या फुग्यांना हात लावला होता का? जे सांगतील ते लिहून ठेवू. पुढच्या स्मरणिकेची पाने त्यासाठी मोकळी आहेत.