यांत्रिक कंपक
यांत्रिक कंपक : दोरी, स्प्रिंग, पोलादी पट्टी किंवा पातळ तबकडी ठरवलेल्या कंप्रतेने (दर सेकंदाच्या कंपनसंख्येने) हलती ठेवणारे प्रयोगशाळेतील विद्युत् उपकरण. कंप्रता हवी तशी बदलता आणि वाचता येत असल्याने तरंगांचे नियम विद्यार्थ्याला स्वतः मोजून पडताळता येतात. हेच त्याचे खरे मोल आहे.

रचना : त्याची रचना लाउडस्पीकरसारखीच असते, मात्र कागदी शंकूच्या जागी दांडा असतो. कायम चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे बसवलेले असते. सिग्नल जनरेटरमधून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, की वेटोळे आणि त्याला जोडलेला दांडा त्याच कंप्रतेने कंप पावतात.

पूर्वपीठिका : जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये वाळू पसरलेल्या तबकड्या व्हायोलिनच्या गजाने कंपित करून मिळालेल्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. फ्रांट्स मेल्डे यांनी १८५९ मध्ये नादकाट्याला दोरी बांधून स्थिर तरंग दाखवले. नादकाट्याची कंप्रता ठरलेली असल्याने तेथे ताण किंवा लांबीच बदलावी लागे. नादकाट्याची भुजा दोरीच्या दिशेने हलत असेल, तर दोरी त्याच्या निम्म्या कंप्रतेने कंप पावते. अशा टिकवून ठेवलेल्या कंपनांवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात संशोधन केले.

दोरीचा प्रयोग : दोरीचे एक टोक दांड्याला बांधून दुसरे कप्पीवरून घेतात व त्याला वजन लावतात. दोरीचा कंप पावणारा भाग १.२ मी., दर मीटरला वस्तुमान ०.५ ग्रॅ. आणि टांगलेले वजन २०० ग्रॅ. असेल, तर तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मी. येतो. कंप्रता हळूहळू वाढवताना दोरी आधी नुसती थरथरते. २६ हर्ट्झच्या आसपास अनुस्पंदन (दोरीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळणी) होऊन ती मध्यभागी एकदम फुगते. ५२ हर्ट्झला दोन आणि ७८ हर्ट्झला तीन फुगवटे दिसतात. फुगवट्यांची संख्या व कंप्रता यांचा आलेख सरळ रेषेत येतो. वजन चौपट केले, की प्रत्येक कंप्रता दुप्पट होते. दांड्याकडील टोक थोडे हलत असल्याने ते काटेकोर निस्पंद (कंप न पावणारा) बिंदू नसते, म्हणून तरंगलांबी मधल्या लगतच्या दोन निस्पंदांमधील अंतरावरून काढावी. हे अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते.

इतर प्रयोग : दांड्यावर धातूची तबकडी बसवून बारीक वाळू भुरभुरली, तर ती स्थिर रेषांवर गोळा होते. कंप्रता वाढेल तशी नक्षी दाट होते. तारेच्या कड्यावर, परिघात पूर्ण तरंगलांब्या मावतील तेव्हाच स्थिर तरंग उमटतात. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या एकत्र बसवल्यास लांब पट्टी कमी कंप्रतेला आणि आखूड पट्टी जास्त कंप्रतेला डोलते.

दक्षता : जोडणी करताना दांडा अडकवून स्थिर करावा, अन्यथा वेटोळ्याच्या आधाराला इजा होते. सुरुवात कमी परमप्रसराने (कंपनाच्या कमी विस्ताराने) करावी. कमी कंप्रतेला दांडा अधिक हलतो, त्यामुळे तो आदळून खडखडाट झाल्यास प्रवाह लगेच कमी करावा.