ललिता पवार: मूकपटातून बोलपटात, आणि मधल्या तारखांचा हिशोब

मित्रांनो, संशोधनाची तयारी करताना एक सवय लावून घ्या. एखादी गोष्ट एकाच कारणाने घडली असं कुणी सांगितलं, की आधी वहीत तारखा मांडायच्या आणि मग मान डोलवायची. माझा मूळ विषय विज्ञानाचा, पण ही सवय इतिहासातही तितकीच कामाला येते. उदाहरण घेऊया ललिता पवार यांचं.

तुमच्या घरच्यांना त्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा म्हणून आठवत असतील, नाहीतर खाष्ट सासू म्हणून. त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: सेटवर एक थोबाडीत बसली, डोळा अधू झाला आणि नायिकेची खलनायिका झाली. गोष्ट खरी आहे. पण करिअर एवढंच होतं का?

आता तारखा बघा. जन्म १९१६, येवला, जिल्हा नाशिक. मूळ नाव अंबा शगुन. मूकपटात त्या बालकलाकार म्हणून आल्या. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की नवव्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये काम केलं आणि तो चित्रपट १९२८ चा. १९१६ मध्ये ९ मिळवा. १९२५ येतात, १९२८ नाही. म्हणजे वय, जन्मसाल आणि चित्रपटाचं साल यांपैकी काहीतरी चुकलंय. तरीही ही वाक्यं एकामागोमाग एक उतरवली जातात. साधी बेरीज कुणी करत नाही.

पुढची तारीख १४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि बोलपट सुरू झाला. ‘त्या दिवशी मूकपट संपला’ असं आपण सहज म्हणतो. पण ललिताबाईंनी ‘कैलाश’ या मूकपटात काम केलं, त्याच्या निर्मितीतही भाग घेतला, आणि तो १९३२ चा आहे! मूकपट आणि बोलपट दोन-तीन वर्षं शेजारी शेजारी चालले. ध्वनियंत्रणा महाग होती, सगळी थिएटरं आणि स्टुडिओ एका रात्रीत बदलणं शक्यच नव्हतं.

या काळात नट्यांची खरी अडचण भाषेची होती. मूकपटात संवाद पाट्यांवर यायचे, त्यामुळे नटीची बोली कोणती हे प्रेक्षकाला कळायचंच नाही. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्स, म्हणजे ‘सुलोचना’, मूकपटाच्या सर्वात मोठ्या तारका. त्यांना बोलपटासाठी हिंदुस्थानी शिकावी लागली. मग त्या परत आल्या आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलत्या आवृत्त्यांमध्ये उभ्या राहिल्या. ललिताबाई ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) मध्ये बोलल्या, गायल्याही. म्हणजे पहिला मोठा बदल त्यांनी नायिका म्हणूनच पार केला. थप्पड अजून सात वर्षं लांब होती.

आता १९४२. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थोबाडीत जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. उपचार तीन वर्षं चालले असं सांगतात. पण प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा आणि त्यात आनंदीबाई ललिता पवारच आहेत. म्हणजे ‘तीन वर्षं पडद्याआड होत्या’ असं सरळ लिहिता येत नाही. ‘ध चा मा’ करणारी म्हणून मराठी माणसाच्या जिभेवर बसलेली ती आनंदीबाई!

इथे माझं म्हणणं मांडतो तसं नाही, तुम्हीच तपासा: मूकपटाच्या नटीकडे चेहरा हेच मुख्य साधन. बोलपटाने त्यात आवाजाची भर घातली. चेहरा दगा देऊन गेला तेव्हा हाताशी तो आवाज होता. ‘श्री ४२०’ (१९५५) मधली केळेवाली किंवा ‘अनाडी’ (१९५९) मधली मिसेस डिसा डोळे मिटून ऐका. वरून करडी, आतून मायाळू बाई नुसत्या बोलण्यातून उभी राहते. ‘अनाडी’साठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. ज्या बोलपटाने मूकपटाच्या नट्या संपवल्या असं आपण म्हणतो, त्यानेच या बाईंना दुसरं आयुष्य दिलं असावं.

हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते तपासायचं तर १९४२ आधीचे आणि नंतरचे बोलपट समोरासमोर ठेवून भूमिका, संवाद, क्लोजअप मोजावे लागतील. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झालेत, उरलेले जपायचं काम पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून करतंय. गोंदियाहून पुणे लांब आहे, मान्य. पण वरच्या दोन बेरजा करायला गोंदिया, देवरी, अर्जुनी-मोरगाव कुठेही बसलात तरी चालतं.

सत्तर वर्षांच्या आसपास काम केलेल्या बाईचा इतिहास एका थपडेत मावत नाही. तुमच्या विषयातही अशी एखादी ‘थप्पड’ असेल, सगळं तिच्यावर ढकललेलं. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या तारखा आजच लिहून काढा.