साकोरीच्या कन्या

गेल्या फेब्रुवारीत भाचीच्या आग्रहाखातर वज्रेश्वरीजवळ एका शिबिराला गेले होते. दोन दिवसांचं, फक्त बायकांसाठी. विरार, नालासोपारा, बोरिवलीकडच्या चाळीसेक जणी. बहुतेक नोकरी करणाऱ्या, तिशी-पस्तिशीच्या. डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि 'आपल्यातल्या देवीला' हाक मारायची. माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मला खुर्ची दिली होती. हाक मारली की नाही ते विचारू नका, डुलकी मात्र लागली!

जागा बाकी योग्य होती. 1739 मध्ये वसईचा किल्ला सर झाल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला बांधलेलं देवीचं देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर. चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, "मावशी, आपल्याकडे पूर्वी असं काही होतं का हो? की हे सगळं बाहेरून आलंय?" मी म्हटलं, होतं ना! आणि तेवढ्यात घंटा झाली. म्हणून ते उत्तर आज इथे लिहिते आहे.

1974 साली मी नुकतीच शाळेत लागले होते. आई, आत्या आणि मी शिर्डीला गेलो. तिथून पाचेक किलोमीटरवर साकोरी. आत्याला तिथे जायचंच होतं. आत्या तेराव्या वर्षी विधवा झालेली, जन्मभर आमच्याच घरी. आजोबा माझ्या वडिलांना रुद्र शिकवत, तेव्हा ती स्वयंपाकघरात दाराआड निवडत टिपत बसलेली असे. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं. वडील अडखळले की ती मनात पुढचं म्हणे, हे तिनेच मला एकदा सांगितलं. तोंडाने मात्र कधी उच्चारलं नाही. बायकांनी म्हणायचं नसतं, एवढंच तिला माहीत.

साकोरीला आम्ही पोचलो तेव्हा एका रांगेत बसलेल्या बायका मोठ्याने वेदमंत्र म्हणत होत्या. पुरुष भटजी नाहीच. सगळं त्याच करत होत्या. मी आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते.

या साकोरीचा इतिहास सरळ नाही. उपासनी महाराज मूळचे सटाण्याचे, जन्म 1870 चा. आधी अमरावतीला वैद्यकी करत. 1911 मध्ये शिर्डीला साईबाबांकडे आले, खंडोबाच्या देवळात राहिले, आणि 1917 पासून साकोरीला. पुढे मेहेरबाबा म्हणून प्रसिद्ध झालेले पुण्याचे पारशी तरुण त्यांच्याकडेच येऊन राहत. 1922 च्या अखेरीस महाराजांनी स्वतःला बांबूच्या पिंजऱ्यात कोंडून घेतलं, ते वर्षाहून अधिक काळ. तो पिंजरा तिथे जपून ठेवलेला आहे. 1930 च्या आसपास त्यांनी मुलींना आजन्म ब्रह्मचर्याची दीक्षा देऊन संस्कृत, वेदपठण, यज्ञकर्म शिकवायला सुरुवात केली. हेच कन्याकुमारी स्थान. स्त्रीला मोक्षाची वाट पुरुषापेक्षा जवळची, असं ते सांगत. त्या काळी ब्राह्मणाघरच्या बायकांनाही वेद ऐकण्याबोलण्याची बंदी होती, हे लक्षात घेतलं म्हणजे केवढं धाडस ते कळेल.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. या दीक्षेत कन्येचा परमेश्वराशी विवाह लागे, आणि गुरू हेच परमेश्वराचं रूप. लहान मुली, आईबापांनी अर्पण केलेल्या. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, सुधारक संतापले. मला विचाराल तर त्यांचा संताप अगदीच गैरवाजवी नव्हता. दहा-बारा वर्षांच्या मुलीला आपण काय सोडतोय हे काय कळणार? वर्गात त्या वयाच्या मुली मी तीस वर्षं पाहिल्या आहेत.

तरीही संस्था टिकली, आणि ती टिकवली एका बाईने. गोदावरीमाता, जन्म 1914 चा, अगदी लहानपणी साकोरीला आलेल्या. 1941 च्या डिसेंबरात महाराज गेले तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या. एवढा आश्रम, त्यातल्या मुली, बाहेर टपून बसलेले टीकाकार, हे सगळं त्यांनी 1990 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, सांभाळलं. आम्ही गेलो तेव्हा त्या साठीच्या होत्या.

माझ्या मनात तेव्हा आमच्या शेजारची एक मुलगी आली. आमच्या वसईत ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी मुली सिस्टर झाल्या. ही त्यांतलीच. नर्स झाली, परगावी गेली. तिलाही लग्न सोडूनच ते सगळं मिळालं. साकोरीतही तोच सौदा. मंत्र हवा तर संसार नाही. पुढे 1970 च्याच दशकात पुण्यात शंकरराव थत्ते यांनी संसारी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं, नंतर ज्ञानप्रबोधिनीनेही, तेव्हा कुठे तो सौदा मोडला. मुलाबाळांच्या बायका सत्यनारायण सांगू लागल्या, लग्नं लावू लागल्या. मला यातलं हे पाऊल जास्त मोठं वाटतं, जरी त्यात पिंजऱ्यासारखं सांगण्याजोगं काही नसलं तरी.

आणि गंमत पाहा. ज्या नगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर, तेही एका बाईचंच नाव) साकोरीच्या कन्या इतकी वर्षं यज्ञ करत होत्या, त्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना पाय ठेवायला 2016 चा पाडवा उजाडावा लागला, तोही हायकोर्टाने बजावल्यावर. पंढरपूरच्या देवळात पूजेला बायका नेमल्या त्या 2014 मध्ये.

हे सगळं मी जाणत होते, म्हणून पुढचं सांगायला अवघड वाटतं. 1988 मध्ये वडील गेले. मला भाऊ नाही. मी म्हटलं, मी करते सगळं. भटजी म्हणाले, मुलीच्या हातचं चालत नाही. नाशिकहून चुलतभाऊ येईपर्यंत थांबलो. मी साकोरी पाहून आलेली, वर्गात सावित्रीबाई शिकवणारी, आणि मी गप्प बसले. आत्या तेव्हा नव्हती. असती तर कदाचित मला धीर आला असता, कदाचित तिनेच मला गप्प केलं असतं, काय सांगावं!

आता माझ्यापुरतं मी कागदावर लिहून ठेवलं आहे. अग्नी मुलीने द्यायचा, नातेवाइकांची वाट पाहत बसायचं नाही. मुलगी चिडली, "आत्ता कशाला असलं काही?" पण कागद कपाटात कुठे आहे ते तिला दाखवून ठेवलंय.

शिबिरातल्या त्या मुलीचा परवा फोन आला होता. घंटेमुळे राहिलेलं उत्तर तिने बरोबर लक्षात ठेवलं होतं. साकोरीला जाऊ या म्हणते. मी म्हटलं, उन्हाळ्यात नको गं बाई, तिकडे फार तापतं. दिवाळीनंतर बघू.